वाढत्या अंगाचं माप

१

मास्तरांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी सगळा बाजार त्यांना मास्तरच म्हणायचा. शिंप्याला मास्तर म्हणतात, एवढंच त्याचं कारण. "न शिकता मास्तर झालेला मी एकटाच," असं ते गिऱ्हाइकाला सांगत आणि सांगून स्वतःच हसत.

आकडे येत नसल्यामुळं मापाची त्यांनी स्वतःची रीत बसवली होती. कापडाच्या काठाची लांब पट्टी घ्यायची, गिऱ्हाइकाच्या अंगाला लावायची आणि माप संपेल तिथं गाठ मारायची. खांद्याची गाठ एकेरी, छातीची दुहेरी, कमरेची जरा सैल. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना अशा पट्ट्या लोंबत असत. कुठली कुणाची हे मास्तर डोळे मिटून सांगत. बोटांनी गाठी चाचपल्या की माणूस समोर उभं राही.

एक पट्टी मात्र त्यांनी खिळ्याला कधी टांगली नाही. ती सदऱ्याच्या खिशात असे. ती गुंडीची.

गुंडी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. रांगायला लागली तशी ती गुंड्यांच्या डब्यापाशीच सापडायची, म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव बारशातच राहिलं. वाढदिवसाला मास्तर तिला दाराशी उभं करत. ती दोन्ही हात आडवे पसरून उभी राही, डोळे गच्च मिटून, जणू हलली तर माप सांडेल. उंचीच्या मापाला हात पसरावे लागत नाहीत, पण गिऱ्हाइकं तसं करतात हे तिनं पाहिलेलं. टाचेपासून डोक्यापर्यंत पट्टी लागायची, गाठ बसायची. पोर उंच निघाली तरी पुरावी म्हणून पट्टी चांगली लांब घेतलेली होती.

सातव्या गाठीच्या पुढं ती कोरीच राहिली. तापाचं निमित्त झालं.

तिचे झगेही मास्तर वाढत्या अंगाचे शिवत. घेराला आतून दुमडी घालून ठेवायच्या आणि ती उंच होईल तशी एकेक उसवायची. आणि प्रत्येक झग्याला एक चोरखिसा. पोर डावखुरी, म्हणून खिसा डावीकडं. पहिल्या वेळी घाईघाईत खिशाचं तोंड पुढं यायच्या ऐवजी मागं गेलं. मास्तर उसवायला बसले तर पोरीनं झगा पोटाशी धरला. "नाही बाबा, असाच पाहिजे. कुणाला सापडणार नाही." मग ती चूक कायमची झाली. सगळ्या जगात असा उलट्या तोंडाचा खिसा एकाच मुलीच्या झग्याला होता, आणि त्यात गोळ्या चिकटून बसलेल्या असत.

२

भूकंप झाला तो दूरच्या देशात. मास्तरांचा भाचा औषधांचा कारभार बघणारा. मदतीला जाणाऱ्या पथकात त्याचं नाव होतं. तो निरोप घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "मामा, तिथं तंबू फाटतायत, गोधड्या फाटतायत. डॉक्टर मिळतात, शिंपी मिळत नाही."

मास्तर हसले. "अरे, मला कोण नेणार? दाढा गेल्या माझ्या."

"दाढांनी शिवता का तुम्ही?" आतून मास्तरीणबाई म्हणाल्या. "जा. दुकान बंद केल्यापासून घरात नुसते मशीनचं तेल पुसत बसता. कुणाच्या तरी अंगावर पांघरूण पडेल."

असे ते गेले.

एका शाळेची निम्मी इमारत उभी होती, तिथं छावणी होती. मास्तरांना एक वर्ग मिळाला. फळ्यावर शेवटच्या दिवशीचं काहीतरी लिहिलेलं तसंच होतं. "शेवटी शाळेत आलो बघ," मास्तर भाच्याला म्हणाले, "आणि बसायला खुर्ची कुठली, तर मास्तराचीच." खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या. तिथं निळं प्लास्टिक ताणलं होतं, त्यामुळं वर्गात दिवसभर निळा उजेड असे, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखा. मशीन हातानं फिरवायचं. त्याची खडखड ओळखीची होती, तेवढ्यानं मास्तरांचा जीव रमला.

शेजारच्या वर्गात दोऱ्या बांधल्या होत्या. पडलेल्या घरांतून निघालेले कपडे एक म्हातारी धुणेवाली मागच्या हौदावर धुवायची आणि त्या दोऱ्यांवर टांगायची. लोक यायचे, रांगांतून हळूहळू फिरायचे, बाह्यांना हात लावायचे. कुणी एखादा सदरा ओळखून छातीशी धरायचं, कुणी रिकाम्या हातानं परत जायचं. फाटलेलं असेल ते धुणेवाली मास्तरांकडं आणून टाकी. तिची भाषा मास्तरांना कळत नसे, त्यांची तिला. तरी दोघं भांडत. ती फाटकी बाही त्यांच्या नाकासमोर नाचवी, ते कपाळाला हात लावत, आणि काम होऊन जाई.

एके सकाळी तिनं टाकलेल्या ढिगात निळ्या ठिपक्यांचा एक झगा होता. काखेत उसवलेला. मास्तरांनी तो उलटा केला, सुई ओवली, आणि आधार म्हणून डावा हात आत घातला. हात एका खिशात गेला.

खिशाचं तोंड मागं होतं.

३

माणसानं शहाणं असावं. मास्तरांनी झगा घडी करून बाजूला ठेवला आणि दुसरं काम घेतलं. जगात शिंपी काय थोडे आहेत? कुणाच्याही हातून खिसा उलटा लागतो. निळे ठिपके तर गाठोड्यानं विकले जातात.

दुपारी त्यांनी तो पुन्हा उघडला. घेराच्या आत दुमडींच्या जागा होत्या. जिथं दुमड असते तिथं कापड उन्हापासून वाचतं, म्हणून उसवल्यावर तेवढा पट्टा गडद दिसतो. इथं तसे पट्टे होते, एकाखाली एक. सगळ्या दुमडी उसवलेल्या. वरचा पट्टा फिका होत आलेला, खालचा अजून गडद. म्हणजे एकदम उसवल्या नव्हत्या. वर्षावर्षानं उसवल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी भाच्याच्या फोनवरून घरी फोन लावला.

"अगं, ट्रंक उघड जरा. निळ्या ठिपक्यांचा झगा आहे का बघ."

त्या ट्रंकेचं नाव घरात कुणी काढत नसे.

"आज काय झालं मधेच?"

"बघ तर."

कडी वाजली. झाकण करकरलं. मास्तरांना इतक्या लांबून डांबरगोळ्यांचा वास आला.

"आहे की. वरच आहे."

"दुमडी?"

"दुमडी जशाच्या तशा. एक तरी उसवायला मिळाली का तिला?" मग मास्तरीणबाईंनी विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना? पाणी उकळून पिता ना?"

"पितो, पितो," मास्तर म्हणाले. त्यांच्या मांडीवर झगा होता.

४

मग एकेक येऊ लागलं.

शाळेचा गणवेश आला. त्याच्या डाव्या बाहीला शाईचा डाग होता, डाव्या हातानं लिहिणाऱ्याच्या बाहीला पडतो तसा, ओल्या अक्षरांवरून हात फिरून. त्यानंतर एक लांब परकर आला, कडेला चुलीचा निखारा लागून भोक पडलेलं आणि त्यावर नीट ठिगळ. त्यानंतर कमरेत आवळलेला एक अंगरखा. खिसा सगळ्यांना होता, डावीकडं, तोंड मागं. झग्यावरची टीप मास्तरांच्याच हातची होती. पण गणवेशापासून पुढं टाका बदलला होता. तो उलट्या अंगाला कलत होता. डावखुऱ्या हाताचा टाका तसाच कलतो.

"तुम्हीच शिकवलं होतंत तिला," फोनवर मास्तरीणबाई म्हणाल्या. कारण मास्तरांनी अखेर त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांना वाटलं होतं, बायको रडेल नाहीतर रागावेल. तिनं नुसतं ऐकून घेतलं होतं. "स्टुलावर बसून काजं करायची. बोट टोचलं की चोखायची आणि म्हणायची, रक्त गोड असतं."

"खारट असतं म्हणायची."

"गोड. तुमच्या काय लक्षात राहतंय!" आणि मग हळूच, "आज काही आलं का?"

आता रोज हाच प्रश्न असे. जेवलात का, झोपलात का, हे राहिलं बाजूला. मास्तर सांगत, बाही एवढी लांब झाली, खांदा भरला. मास्तरीणबाई म्हणत, "माझ्या आईच्या वळणावर गेली मग." दोघं म्हातारी माणसं फोनवर लेकीला वाढवत होती. एकदा गळ्याला बारीक वेलबुट्टी काढलेला झगा आला, तेव्हा मास्तरीणबाई हसून म्हणाल्या, "कुणासाठी नटत होती कोण जाणे." मास्तरही हसले. कितीतरी वर्षांनी त्या घरात तिच्या नावानं कुणी हसलं होतं.

भाचा म्हणाला, "मामा, परत पाठवू का तुम्हाला? झोप होत नाही तुमची."

"मला कशाला पाठवतोस? माझं काम कुठं संपलंय?"

पण धुणेवालीच्या पावलांचा आवाज आला की त्यांचं मशीन थांबे. हे कपडे कुठून येतात, हे ते सुरुवातीपासून जाणून होते. जाणून विसरले होते, इतकंच. भाच्याला मध्ये घालून त्यांनी तिला विचारलं. तिनं हातातला पिळा तसाच धरून ओढ्यापलीकडं बोट दाखवलं.

"एकाच गल्लीतून येतात म्हणते," भाचा म्हणाला. "वरच्या मजल्यापासून खाली उपसत चाललेत. अजून एक घर तळापर्यंत राहिलंय."

मास्तरांनी मान हलवली. प्रत्येक कपडा म्हणजे पोर एक वर्ष जगली. आणि शेवटचा कपडा म्हणजे भूकंपाच्या सकाळी तिच्या अंगावर जो होता तो.

त्या दिवसापासून त्यांना वाटायचं, आज काहीतरी येऊ दे. आणि लगेच वाटायचं, आज काही येऊ नये.

५

छावणीचा प्रमुख भला माणूस होता. आल्या आल्याच त्यानं भाच्याकरवी विचारलं होतं की, पांढऱ्या लांब पिशव्याही शिवाल का? कशासाठी, हे कुणी बोललं नव्हतं. मास्तर म्हणाले होते, "जित्या माणसाचं काहीही द्या. ते मात्र माझ्या हातून होणार नाही." प्रमुखानं पुन्हा विषय काढला नव्हता.

मग एका सकाळी तो स्वतः आला आणि मास्तरांच्या टेबलावर त्यानं एक सुतळी ठेवली. गुंडाळलेली, धुळीची.

"पिशव्या संपल्या," भाचा दुसरीकडं बघत म्हणाला. "त्या घराच्या तळातून बाई निघालीय एक. आपल्याकडं आकडे चालत नाहीत म्हणून त्यांनी सुतळी लावून माप आणलंय. टाचेपासून डोक्यापर्यंत. मामा, नको असेल तर नको. मी कुणाकडून तरी..."

"ठेव," मास्तर म्हणाले.

दोघं गेले. टेबलावर सुतळी होती. खिशात पट्टी होती. मास्तर बराच वेळ दोन्हीकडं न बघता बसून राहिले. मशीनचं चाक त्यांनी उगाच थोडं फिरवलं आणि थांबवलं.

तेव्हा शेजारच्या वर्गात डबा हलवल्यासारखा आवाज झाला. पत्र्याच्या डब्यात गुंड्या हलाव्यात तसा.

६

उजेडाची वेळ होती, चांगली सकाळ. बाहेर कुणीतरी पाणी भरत होतं, बादल्यांचा आवाज येत होता. मास्तर उठून शेजारच्या वर्गाच्या दाराशी गेले. धुणेवालीच असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दोऱ्यांवर कपडे होते. वारा नव्हता. निळ्या उजेडात सगळे कपडे एकाच रंगाचे दिसत होते. रांगांच्या मधून ते आत गेले, एक ओळ, दुसरी ओळ. सगळ्यात शेवटच्या ओळीच्या पलीकडं, फळ्याकडं तोंड करून, कुणीतरी उभं होतं.

आधी त्यांना तो टांगलेला झगाच वाटला. बाह्या दोन्हीकडं पसरलेल्या होत्या. पण तिथून दोरी गेलेली नव्हती. बाह्यांच्या टोकाला हात होते. केसांवर पांढरी धूळ होती, पिठाच्या गिरणीतून आलेल्या माणसावर असते तशी. श्वास घेताना खांदे वर होतात, ते झाले की नाही, हे मास्तरांना पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. कुणाची तरी लेक कपडे शोधायला आली असेल आणि एखादा कपडा अंगाला लावून बघत असेल. असेच हात करतात. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. आणि निष्प्राण माणूस हात पसरून उभं राहत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

"बाई," ते म्हणाले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हलू नको हं."

ती हलली नाही. कधीच हलायची नाही.

मास्तर गुडघ्यावर बसले. हाडं वाजली. खिशातली पट्टी काढून त्यांनी तिचं टोक टाचेपाशी धरलं. जमीन गार होती, टाचेतूनही गारवा येत होता. पट्टी पाठीवरून वर नेत ते उठले. डोक्यापाशी हात पोचेना. चवड्यांवर उभं राहावं लागलं. लेकीचं माप घ्यायला बापाला चवड्यांवर उभं राहावं लागलं, या गोष्टीचं त्यांना त्या वेळीही कौतुक वाटलं. त्यांनी गाठ मारली. गाठ पक्की बसली.

तोंड बघण्यासाठी दोन पावलं पुढं जायचं होतं, एवढंच. मास्तर गेले नाहीत. तिचा डावा हात सावकाश खाली आला आणि मागं, झग्याच्या शिवणीत शिरला, जिथं दुसऱ्या कुणाला खिसा सापडला नसता.

मागं दार वाजलं. धुणेवाली रिकामं पोतं झटकत आत आली. तिनं पोतं उलटं करून दाखवलं, हात हलवले. संपलं. त्या गल्लीतलं सगळं संपलं. मास्तरांनी वळून पाहिलं तेव्हा फळ्यापुढं मोकळी जागा होती आणि जमिनीवर थोडी पांढरी धूळ. धुणेवालीनं ती पाहिली, कपाळाला आठी घातली आणि झाडू आणायला गेली.

मास्तर मशीनवर येऊन बसले. सुतळी उलगडून त्यांनी पांढऱ्या कापडावर लावली आणि कापड बेतलं. पट्टी खिशातच राहिली. एकाला दुसरं लावून बघायला एक क्षण पुरला असता. पण त्यांनी पाहिलं नाही. पिशवी शिवून झाली, ती उलटी करून सुरकुती झटकायला त्यांनी आत हात घातला, तेव्हा त्यांना कळलं की हातानं आपल्या मनानं एक काम जास्तीचं करून ठेवलंय. डावीकडं. तोंड मागं.

त्यांनी ते उसवलं नाही.

७

घरी आल्यावर मास्तरीणबाईंनी त्यांना आधी अंघोळ घातली, मग जेवायला वाढलं. सगळं मास्तरांनी सांगितलं, काही न लपवता. त्या पदरानं परात पुसत ऐकत होत्या.

"सुतळीला पट्टी लावून बघितलीत?"

"नाही."

"बरं केलंत." परात कोरडी झाली होती, तरी त्या पुसत राहिल्या. "त्या बाईला घरचं कुणीतरी असेलच. त्यांनी रडावं तिला. आपलं आपण कशाला तिच्यावर घालायचं?"

मग त्यांनी हात पुढं केला. मास्तरांनी पट्टी काढून दिली. त्या दाराशी गेल्या, जिथं पोर उभी राहायची. पट्टीचं टोक त्यांनी पायाच्या बोटांनी जमिनीला दाबून धरलं आणि पट्टी चौकटीला लावून वर नेली. शेवटची गाठ त्यांच्या डोक्याच्या वर गेली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा उंच."

आणि पट्टी खाली घेताना त्यांची बोटं मधेच थांबली.

"इतक्या वेळा का मोजलंत तिला?"

"एकदाच."

"मग ह्या कसल्या?"

मास्तर उठून जवळ आले. सातव्या गाठीपासून त्यांनी मारलेल्या गाठीपर्यंतची पट्टी इतकी वर्षं कोरी होती. त्यांनी ती रोज खिशात चाचपली होती. आता तिच्यावर गाठीमागून गाठ होती. सुरुवातीला लांब लांब, मग जवळ जवळ, पोरी वयात आल्यावर वाढ कमी होते तशा. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवली. शाईच्या डागाची बाही त्यांना लागली, निखाऱ्याचं भोक लागलं, वेलबुट्टीचा गळा लागला. एकही गाठ त्यांच्या हातची नव्हती. सगळ्यांचा पीळ उलट्या अंगाला होता.

बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी पोरं ओरडत शाळेला चालली होती.

शेवटच्या गाठीच्या पुढं वीतभर पट्टी उरली होती. शिंप्याच्या सवयीनं मास्तरांचा हात कात्रीकडं गेला.

"राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अगं, आता कुठं वाढणार ती? बाई झाली."

"राहू दे म्हणते ना."

त्यांनी पट्टी गुंडाळली, ट्रंक उघडली आणि निळ्या ठिपक्यांच्या झग्यावर ठेवली. झाकण लावण्याआधी त्यांनी झग्याचा घेर हळूच उलटून दुमडी चाचपल्या, आणि मास्तरांना काही दिसायच्या आत कडी लावून टाकली.